अर्ध्या किमतीचे पुस्तक

साखरपुडा झाल्यानंतर आमचे भावी जावई भुजंगराव प्रथमच तीर्थपुरीस आमच्या घरी आले. ते जालन्यास बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत होते. आमच्या शिवकन्येचेही तेच वर्ष होते. परंतु लग्नापूर्वी मुलीने कॉलेज सोडावे, ही त्यांच्या वडिलांची अट मी निमूटपणे मान्य केली होती.

अल्प खर्चात विद्या कशी संपादन करावी, याचे विवेचन भुजंगराव मोठ्या उत्साहाने करू लागले.

"मामा, मेसचा खर्चा कशाला? डबा घरून एसटीनं येतो. अन् पुस्तकं तर मी नवी घेतच न्हाई. हे बघा, जुन्या पुस्तकाच्या दुकानात अर्ध्या किमतीत भेटलं. कोण्या पोरीनं बाजूला पेन्सिलीनं उत्तरं बी लिहून ठेवलीत. आपल्याला बिलकुल मेहनत न्हाई!"

शिवकन्या चहा घेऊन आली होती. तिने त्या पुस्तकाकडे एकदाच पाहिले. मला मान वर करणे अशक्य झाले.

पुस्तकाला हातही न लावता ती हळूच म्हणाली,

"आबा, त्यांना सांगा, सातव्या धड्यापासून पुढची उत्तरं लिहायची राह्यलीत."