भिंतीपलीकडचं ऊन

गच्चीच्या शेवटच्या पायऱ्यांवर दाऊद मोठ्याने खाकरला. दुसऱ्याच्या गच्चीवर पुरुषाने न कळवता पाऊल टाकायचं नसतं. गच्ची बायकांची.

"ये रे, मी एकटीच आहे," वरून मम्मा सेत्तीचा आवाज आला.

दाऊदची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा या शेजारणीने त्याला अंगावर पाजून वाढवलं होतं. दूधआईला लेकापासून तोंड झाकावं लागत नाही. सेत्ती तशीच उघड्या चेहऱ्याने पुढे आली, पण दाऊदच्या मागून धापा टाकत आणखी एक डोकं वर आलं आणि ती गडबडली. पांढरी लोकरी चादर तिने चेहऱ्यावर ओढली, इतकी की एकच डोळा बाहेर राहिला. मग ती जिन्यालगतच्या खोलीत जाऊन दाराआड उभी राहिली.

"अमीन हम्मू आहेत, मम्मा. मीच आणलं त्यांना," दाऊद म्हणाला. "त्यांच्यासमोरच होऊन जाऊ दे!"

दार आतून आणखी थोडं लोटलं गेलं.

सकाळी सेत्तीने भिंतीपलीकडून दाऊदच्या बायकोला हाक मारून निरोप दिला होता. 'तुझा नवरा म्हणे घरं गरम करतो. माझं घर यंदा फार गारठलंय. वय माझं झालंय की घराचं, तेवढं येऊन बघून जा म्हणावं.' त्या वेळी हम्मू दाऊदकडेच पुदिन्याचा चहा पीत बसला होता. वाळवंटातल्या गार्दाया शहराबाहेरच्या खडकाळ टेकडीवर जमात नवी घरं बांधणार होती, नुकती लग्नं झालेल्यांसाठी. घर कसंबसं उभं राहतं, पण पुढे जन्मभर त्याला उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम ठेवता ठेवता माणूस पिळून निघतो. दाऊदच्या नकाशातलं घर ते काम आपलं आपण करणार होतं. बांधकामं जुन्या नियमांत बसतात की नाही हे पाहणं अमीनचं काम. त्याचा शिक्का पडल्याशिवाय टेकडीवरचा एक दगड हलणार नव्हता.

"हीटर कुठे लपवलायस, ते सांग," हम्मूने अंगातला बुरनूस, जाड लोकरी झगा, काढून ठेवत विचारलं होतं. "माझ्या घरातला असा गुरगुरतो की बायको मलाच कोपर मारते, घोरू नका म्हणून."

"हीटर नाहीच. ती भिंत बघा."

दाऊदच्या गच्चीवरच्या खोलीला समोर काच होती आणि मागे उत्तरेला जाड, उंच दगडी भिंत. हिवाळ्याचं तिरकं ऊन ती दिवसभर पिऊन घेई आणि रात्रभर घराला ऊब देई. टेकडीवरच्या प्रत्येक घराला अशीच भिंत असणार होती.

"चल," हम्मू उठत म्हणाला होता. "म्हातारीचं घर गरम करून दाखव. तिथेच शिक्का मारतो."

आता सेत्तीच्या गच्चीवर उभा राहून दाऊदने इकडेतिकडे बघायच्या आधीच सल्ला द्यायला सुरुवात केली. "दाराखालची फट आधी बुजव, मम्मा. खिडकीला जाड पडदा लाव. जिन्याच्या तोंडावर..."

तो थांबला.

ऐन दुपार होती आणि सगळी गच्ची सावलीत बुडाली होती. दोरीवरची लोकर ओलीच होती. अगदी टोकाला, कठड्यापाशी, उन्हाची एक चिंचोळी पट्टी उरली होती. तेवढ्यात मावेल अशी दुमडलेली चटई तिथे होती आणि चटईवर खजुराच्या चार बिया. सावलीची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. दाऊदने मान वर केली. ही बाजू त्याने कधी पाहिलीच नव्हती. ती त्याचीच भिंत होती.

भिंतीच्या आतल्या बाजूचं ऊन त्याने महिन्यागणिक कागदावर आखलं होतं. बाहेरच्या बाजूला काही काढलं नव्हतं. दुसऱ्याच्या गच्चीकडे बघू नये, हे लहानपणापासून त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की कागदावरही त्याची नजर तिकडे गेली नव्हती. अमीन लोक या भिंतीच्या पाहणीला आले होते तेही भर उन्हाळ्यात, ऊन डोक्यावर असताना. आणि आपल्या घराने शेजाऱ्याचं ऊन खाऊ नये, हा नियम तर तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

हम्मूचं हसू मावळलं होतं. "सेत्तीबाई, ही सावली कधीपासूनची?"

दाराच्या फटीत चादरीची कड हलली.

"जुनी आहे," ती म्हणाली. "आमचे हे होते तेव्हापासूनची. मला पुरतं ऊन."

हम्मूने भिंतीवरच्या नव्या चुन्याकडे पाहिलं, मग दाऊदकडे. "शेजारणीची तक्रार नाही," तो सावकाश म्हणाला. "मग मी कशाला अडवू?" त्याने खिशातून शिक्का काढला.

दाऊद शिक्क्याकडे बघत राहिला. गप्प राहिलं की झालं. मग त्याला टेकडीवरची ओळ दिसली, घरामागे घर, आणि प्रत्येक भिंतीमागे एक दुमडलेली चटई. त्याने हम्मूचा हात धरला.

"खोटं बोलतेय ती. सावली माझी आहे, यंदाची. भिंत मी उतरवतो. नकाशा परत काढतो."

"जमातीच्या बैठकीत सांगावं लागेल मला. सगळ्यांसमोर."

"सांगा."

हम्मूने शिक्का खिशात टाकला आणि तो जिना उतरून गेला.

सेत्ती बाहेर आली. चेहऱ्यावरची चादर तिने मागे सारली होती. दाऊदची मान वर होईना. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. हात बर्फासारखा गार होता.

"आता गावभर होईल रे," ती म्हणाली. "म्हणून तर तुला एकट्याला बोलावलं होतं."