पाच सागरगोटे

नऊ वर्षांची लेक श्वेता गेली त्याला आता अठरा वर्षं झाली, पण तिचे पाच सागरगोटे शेवंतीने देवघरातल्या डबीत जपून ठेवले होते. त्यांना हात लावायची नवऱ्याला, दत्तारामलाही मुभा नव्हती.

मागच्या महिन्यात दोघं बोरिवलीच्या नर्सरीत तुळस आणायला गेले, तेव्हा माळी कुणाला तरी सांगत होता, "सागरगोटा कितीही जुना असू दे, आत जीव असतो. वरचं कवच घासा, पाण्याला आत जायला वाट द्या, रुजतो की नाही बघा."

तुळशीचं रोप हातात धरून दोघंही ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी शेवंती भाजीला गेल्यावर दत्तारामने डबीतला एक उचलला. चारकोपच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता तो. कानशीने जपून कवच घासलं, सागरगोटा रात्रभर भिजवला आणि खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत खोल पुरला. रोज चोरून पाणी घालायला जायचा, तर माती आधीच ओली असायची.

आज सकाळी कुंडीत दोन कोंब होते.

शेवंती मागे येऊन उभी राहिली. "डबीत चारच दिसले, मग दुसरा मी लावला, सहाणेवर घासून," ती म्हणाली.

मग कोंबांना हलकेच बोट लावत म्हणाली, "श्वेताला अंधारात एकटीला भीती वाटायची ना."