तिसरी किक

आबा वारले तेव्हापासून चार वर्षं त्यांची जुनी मोटारसायकल बंदच होती. औरंगपुऱ्यातल्या गॅरेजात फारूख मिस्त्रीनं प्लगची वायर बदलली, नवी कॅप पिळून बसवली, तरी ठिणगी काही पडेना. आबांचा मुलगा बद्रीनाथ किक मारून मारून घामाघूम झाला.

शेवटी फारूखनं वायरीचं टोक कापून कॅप पुन्हा घट्ट पिळली, प्लग इंजिनाला टेकवला आणि मान वर न करताच म्हणाला, "हां, मारा आता."

दोन किक हळू, तिसरी जोरात. टच्चकन निळी ठिणगी पडली.

"शुक्र है!" फारूखचा जीव भांड्यात पडला. "बद्रीभाऊ, अगदी आबांसारखी मारली बघा!"

"काय मारली?" दोन कप चहा घेऊन रस्त्यापलीकडून येत बद्रीनाथनं विचारलं.

किकचा दांडा अजून हळूहळू वर येत होता.