फलाटावरची फेरी

रत्ना मध्येच थांबली. एका हाताने तिने फलाटावरचा खांब धरला, दुसरा पोटाखाली लावला. सातवा महिना सरत आला होता. पाऊल टाकलं की जांघेतल्या हाडात कुणी पाचर ठोकतंय असं वाटायचं. पुढचं पाऊल टाकलं की पुन्हा तेच.

पुढे चाललेल्या दिपमालाने मागे वळून पाहिलं. रत्नाची ही एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची, अमळनेरला कॉलेजात शिकणारी. दोघी बरोबर आल्या आहेत हे कुणाच्या लक्षात येऊ नये, इतकं अंतर ठेवून ती चालत होती.

"काय व्हयनं?"

"काही नही. चाल तू."

रत्नाची साखर वाढली होती. जेवण झालं की चालायचं, नाहीतर इंजेक्शनं सुरू करावी लागतील, असं धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. दुखलं तर पावलं लहान टाका, थांबा, दम घ्या, मग पुन्हा चाला. सुरुवातीला ती घरासमोरच्या गल्लीत चालायची. ओट्यांवरच्या बाया बोलायच्या थांबून बघत राहायच्या. एकीने तर विचारलंच, "पोरनं लगीन पहिले, का तुन्हं बाळंतपण?" मोठ्या रस्त्यावर कंपन्यांचे ट्रक. म्हणून मग नरडाण्याचं स्टेशन. गाडी नसली की तिथे चिटपाखरू नसतं. नवरा भाईदास कंपनीत दुसऱ्या पाळीला, तेव्हा सोबतीला लेकच.

रत्नाने खांब सोडला. छातीशी जळजळत होतं, खाल्लेली भाकरी घशाशी येत होती. लघवीला लागली होती, आणि स्टेशनच्या संडासाला कुलूप होतं. तिने लहान पाऊल टाकलं. मग आणखी एक.

तेवढ्यात उशिरा धावणारी पॅसेंजर आली. पाच-सहा माणसं उतरली. त्यांच्यात दिपमालाच्या वर्गातली रूपाली होती. शेजारच्या गावाची. तिचा भाऊ मोटरसायकलवर तिला न्यायला यायचा.

"दिपा! अगं आहेस कुठे? आठवडा झाला कॉलेजला नाहीस."

"घरी काम होतं जरा."

मागून रत्ना पाय ओढत आली आणि बाकाची पाठ धरून उभी राहिली. तिला थांबायचं नव्हतं, पण पाय पुढे जाईना. रूपालीने तिच्याकडे पाहिलं, मग दिपमालाकडे.

"ह्या कोण गं?"

दिपमालाचं तोंड उघडलं. मग ती गाडीकडे बघू लागली.

"मी इनी मावशी शे," रत्ना म्हणाली. "बाळंतपणले येल शे."

"किती दमलात हो मावशी! बसा ना." रूपालीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. रत्ना दोन घोट प्याली. "भाऊ यायचाय, मी दाराशी थांबते," म्हणून रूपाली गेली.

गाडी सुटली. रत्ना बाकावर टेकली. दिपमाला उभीच राहिली.

"मावशी कसाले सांगं तू?"

"तुन्हा तोंडकडे दखं मी." रत्ना पदराने मान पुसत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुले बरं वाटनं ना?"

दिपमालाला बरं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

"उद्यापाईन मी एकलीच येसू," रत्ना म्हणाली आणि बाकाला रेटा देऊन उठू लागली. अर्धवट उठली आणि "माय वं" म्हणत खाली बसली. पोटरीत गोळा आला होता. तोंड वेडंवाकडं झालं, पण आवाज निघाला नाही. स्टेशनात ओरडायचं कसं?

दिपमाला फरशीवर बसली. तिने आईची चप्पल काढली. पाऊल सुजून गुळगुळीत झालं होतं, चपलेचे पट्टे त्यात रुतले होते. तिने टाच तळहातात धरली, गुडघा सरळ केला आणि बोटं वरच्या बाजूला दाबून धरली. डोक्यावर सामान घेऊन जाणारा एक माणूस वळून बघत गेला. बऱ्याच वेळाने गोळा सुटला. तरी तिने पाय सोडला नाही. एवढ्या जवळून तिने तो कधी पाहिला नव्हता.

"ऊठ वं," रत्ना म्हणाली. "कपडा मळतीन."

दोघी दाराकडे निघाल्या. दिपमालाने आईचा दंड धरला होता. बाहेर पायऱ्यांशी रूपाली अजून भावाची वाट बघत उभी होती.

"मावशींना सांभाळून उतरव गं."

"मावशी नाही," दिपमाला म्हणाली. "आई आहे माझी."

रूपालीने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे आणि मग पोटाकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाली. मोबाइल काढून त्यात बघू लागली. मोटरसायकल आली तशी हात हलवून घाईने मागे बसली आणि गेली.

रत्ना मोटरसायकलमागे उडालेल्या धुळीकडे बघत राहिली.

"आते बठ्ठा कॉलेजमा बोभाटा व्हई."

"व्हवू दे."

उतरायच्या पायऱ्या उंच होत्या. चढण्यापेक्षा उतरणं वाईट. हाड तिथेच जास्त फाकायचं. रत्ना पहिल्या पायरीच्या काठाशी उभी राहिली. एक पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. दिपमाला एक पायरी खाली उतरली आणि खांदा तिच्यापुढे केला. रत्नाने त्यावर हात ठेवला, पण भार टाकेना.

"मी जड शे," ती म्हणाली.

"शेच. पाय टाक."