बांध ओलांडून

सर गुडघे टेकून बसले आणि जमिनीत काठापर्यंत पुरलेला पहिला पेला त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढला. मुंगी चार पावलं मागे उभी होती. कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात तिला सगळे मुंगीच म्हणत. दिवसभर मान खाली घालून मातीत किडे शोधणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? पण आज मुंगीचं तोंड एवढंसं झालं होतं. प्रबंध परवा द्यायचा होता आणि सरांची सही अडली होती.

अडली होती ती आकड्यांवर. घरमालकीण काकूंच्या शेतात औषध फवारत नसत. बांधापलीकडे काकूंच्या दिरांचं शेत, तिथं सढळ हाताने फवारणी. दोन्हीकडे बारा-बारा पेले, आत साबणाचं पाणी. रात्री हिंडणारे काळे भुंगेरे त्यात पडत आणि सकाळी मुंगी ते मोजत असे. पहिल्या आठवड्यात काकूंकडे जवळजवळ काहीच नाही, दिरांकडे मात्र ढीगभर. मग पहिली फवारणी झाली आणि सगळं उलटं झालं. विषाला भिऊन भुंगेरे बांध ओलांडतात आणि बिनफवारणीच्या शेतात आसरा घेतात, हाच तिच्या प्रबंधाचा निष्कर्ष होता.

"निष्कर्ष फार गोड आहे," सर काल फोनवर म्हणाले होते. "इतका गोड, की माझ्या घशाखाली उतरत नाही. खरं सांग, टेबलाशी बसून आकडे लिहिलेस का?"

"नाही हो सर! शप्पथ."

"मग उद्या सकाळी मीच येतो मोजायला."

एकही आकडा तिने बदललेला नव्हता. पण आज कोण येणार आहे, हे भुंगेऱ्यांना थोडंच माहीत होतं? नेमके आजच पेले रिकामे निघाले, तर सगळी मेहनत मातीत जाणार होती आणि वर खोटारडी म्हणून शिक्का बसणार होता.

सरांनी पेला चाळणीत उलटा केला. बोटाने एकेक भुंगेरा बाजूला सारत ते पुटपुटत राहिले.

"चौदा."

दुसऱ्या पेल्यात अकरा निघाले. तिसऱ्यात सतरा. सहाव्या पेल्याला मुंगी दोन पावलं पुढे सरकली. मग सर बांधापलीकडे गेले. तिथं एक, दोन, एक, आणि एक पेला तर अगदीच कोरा.

सर हात झटकत उठले. "मी उगाच संशय घेतला तुझ्यावर. चुकलंच माझं." गाडीच्या बॉनेटवर प्रबंध ठेवून त्यांनी सही ठोकली. "पुढच्या महिन्यातल्या परिषदेत हे मी स्वतः मांडणार. माझ्या नावावर."

"माझंही नाव असेल ना, सर?"

"असेल गं बाई, असेल. आता तरी हस."

गाडी वळणाआड गेली तशी मुंगी धावतच घरात शिरली आणि चुलीपाशी बसलेल्या काकूंच्या गळ्यात पडली.

"झाली सही! सुटले, काकू!"

"सुटलीस ना? मग मीही सुटले," काकू हसल्या. "उद्यापासून उजाडायच्या आत उठायला नको."

"तुम्ही कशाला उठत होतात?"

"आता सांगायला काय हरकत आहे? पहिल्या आठवड्यात आमच्या शेतातले रिकामे पेले बघून तू मुसमुसत बसायचीस. माझा जीव तुटला गं. मग तू उठायच्या आत जाऊन रोज थोडे थोडे टाकून यायचे. आज तुझे सर येणार म्हणून जरा सढळच टाकले."

मुंगीने काकूंच्या गळ्यातले हात काढले. "टाकलेत? कुठून आणायचात?"

"कुठून म्हणजे? भावोजींकडच्या तुझ्याच पेल्यांतून. एवढं फवारूनही तिथं रोज मूठमूठभर पडलेले असायचे."