रबरी नळीवरच्या फेऱ्या

"नळीवरून जा, कडेने नको," चष्मेवाला मागे वळून बायकोला म्हणाला, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्याने लगेच इकडेतिकडे बघून घेतलं.

वाटेवर आडवी टाकलेली काळी रबरी नळी चाकाखाली दबली की खांबावरच्या पेटीत टक् व्हायचं. परतताना पुन्हा टक्. सकाळपासून दोघांच्या किती फेऱ्या झाल्या, ते त्या पेटीलाच ठाऊक.

कधीकाळी इथून रेल्वे जायची. रूळ उचलून नेले, दोन्ही बाजूंची झाडं वाढली आणि मधली वाट सायकलवाल्यांची झाली. मुख्य रस्त्यावर ट्रकने सायकलसकट उडवल्यापासून चष्मेवाल्याच्या बायकोने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. ट्रकचा भोंगा ऐकला तरी तिचे हात गार पडत. ती पुन्हा सायकलवर बसली ती केवळ या वाटेमुळे. म्हणूनच सभा-समित्यांपासून चार हात लांब राहणारा हा माणूस वाट वाचवणाऱ्यांच्या गटात शिरला होता.

गटाचा म्होरक्या शाळेतला व्यायामशिक्षक. सगळे त्याला कप्तान म्हणत. पालिकेची माणसं नळी ठोकायला आली तेव्हा त्यानेच मुकादमाला हटकलं. मुकादम घाम पुसत म्हणाला, "वर्दळ मोजायचीय. वर्दळ असली की साहेबलोक लक्ष घालतात. नसली तर कोण विचारतंय?"

कप्तानला तेवढं पुरे होतं. त्याच संध्याकाळी त्याने गट जमवला. वाट ओस दिसली तर पालिका ती कुणाच्या तरी घशात घालणार, तेव्हा नळीला उसंत मिळता कामा नये, असं ठरलं. कुणी नातवंडांच्या तीनचाकी सायकली काढल्या, कुणी सामानाच्या हातगाड्या. पाववाला आपली फेरीची गाडी ढकलत आला आणि वर पाव खपले म्हणून खूशही झाला.

"ही फसवाफसवी तर नाही ना?" बायकोने विचारलं होतं.

"सायकल खरी, आपण खरे, घाम तर त्याहून खरा," चष्मेवाला म्हणाला होता. ती हसली. त्याला मात्र हसू आलं नाही. जन्मभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून भिंगं घासली आणि आता पालिकेच्या डोळ्यांत धूळ फेकतोय, हे त्याला खात होतं. पकडले गेलो तर अब्रू जाईल, वाट जाईल, आणि बायको पुन्हा खिडकीशी बसून राहील. या भीतीने त्याची झोप उडाली होती.

नळी काढून नेली आणि काही दिवसांनी पालिकेने गटाला बोलावलं. सभागृहात अभियंताबाई समोर बसल्या होत्या. त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता. एरवी चष्मेवाल्याने लगेच काड्या घट्ट करून दिल्या असत्या.

"आकडे बघून आम्ही चक्रावलो," बाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलं की काय, म्हणून ते परत तपासायला लावलं."

बायकोने टेबलाखाली चष्मेवाल्याचा हात धरला. कप्तान छताकडे बघू लागला.

"यंत्र ठणठणीत आहे."

चष्मेवाल्याने सोडलेला श्वास शेजारच्यालाही ऐकू गेला असेल. "म्हणजे वाट बंद होणार नाही?" त्याने विचारलं. सभेत तोंड उघडायची त्याची ही पहिलीच वेळ.

"बंद? छे. उलट, कालच मंजुरी आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाववाल्याने कप्तानला मिठी मारली. बायकोचे डोळे भरून आले होते. आता रोज सायकलने दुकानात येईन, असं ती चष्मेवाल्याच्या कानात म्हणाली.

टाळ्या थांबेपर्यंत बाई कौतुकाने सगळ्यांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी भिंतीवरचा नकाशा उलगडला.

"एवढी वर्दळ नसती, तर ती वाट आम्ही आहे तशीच सोडून देणार होतो," त्या म्हणाल्या. "आता झाडं काढून मोठा रस्ता करतोय. मुख्य रस्त्यावरचे सगळे ट्रक यापुढे इकडूनच जातील."