मोटरसायकलचा आरसा

वीस वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यात सडलेली मोटरसायकल बोहुशने घरच्या गॅरेजात ठोकळ्यांवर चढवली होती. चाकं भिंतीला टेकलेली, इंजिन खोलून बाकावर पडलेलं. आज गंज खरवडून त्याने आरसा तेवढा बसवला.

मागे दारात त्याची बायको यार्मिला खसखशीच्या गोड पावांची ताटली घेऊन आली. "या भंगाराशीच लग्न लावायचं होतंस!"

हसत त्याने आरशात पाहिलं. दारातली यार्मिला लहान लहान होत होती. दार, अंगण, सफरचंदाचं झाड, सगळं मागे पडत चाललं होतं, सुसाट गाडीवरून दिसावं तसं.

"आत ये," तो म्हणाला. "लवकर!"

"अरे, येतेच आहे ना!"

आवाज शेतापलीकडून यावा इतका बारीक आला, आणि बोहुशच्या कपाळावरचे केस वाऱ्याने मागे उडाले.